बाबांची आंघोळ

गुडगावच्या ज्या कंपनीत मी नोकरी करते, तिथे माझं काम कागदांचं आहे. जपानीत आलेली यंत्रांची माहितीपत्रकं मी हिंदी आणि इंग्रजीत करते. त्यातला निम्मा मजकूर धोक्याच्या सूचनांचा असतो. हात कुठे घालू नये, झाकण कधी उघडू नये, वास आला तर काय करावं. वर्षानुवर्षं हेच वाचून माझा स्वभाव घाबरट झाला, की तो मूळचाच तसा होता म्हणून हे काम मला जमलं, ते सांगता येत नाही. आई म्हणायची, ही पोरगी पंखा लावायच्या आधी पंख्याकडे बघते.

एका हिवाळ्यात कंपनीने मला प्रशिक्षणासाठी जपानला पाठवायचं ठरवलं. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे राहत होते. सत्तरी ओलांडलेली, ब्लड प्रेशर, गुडघे दुखायचे. त्यांना फ्लॅटमध्ये एकटं ठेवायचं म्हटलं तरी मला धास्ती वाटायची, आणि इतक्या लांब सोबत न्यायचं म्हटलं तरी वाटायची. शेवटी मी विचारलं, "बाबा, येता का?"

"मला काय, पेन्शनर माणूस," ते म्हणाले. "चलो."

प्रशिक्षणाचे दिवस बाबांनी शहरातल्या हॉटेलात खाकरे, ब्रेड आणि केळी खाऊन काढले. मनगटावरचं घड्याळ त्यांनी दिल्लीच्याच वेळेवर ठेवलं होतं. "तिकडे आता दूधवाला आला असेल," असं ते मधूनच सांगायचे. प्रशिक्षण संपल्यावर हातात थोडे दिवस उरले होते. आमच्या ऑफिसातल्या एका जपानी साहेबांनी निघताना सुचवलं होतं, की वडिलांचे गुडघे दुखतात तर उत्तरेला डोंगरात गरम पाण्याचे झरे आहेत, तिथल्या एखाद्या जुन्या सरायीत नक्की राहा. बाबांनी ते ऐकलं होतं आणि डोक्यात धरून ठेवलं होतं. मला शहरातच थांबायचं होतं. जिथे डॉक्टर आहे तिथे.

पहाटे निघालो. आधी मोठी गाडी, मग दोन डब्यांची छोटी गाडी, आणि शेवटच्या स्टेशनवर सरायीचा मालक स्वतः मोटार घेऊन उभा होता. साठीचा, अबोल माणूस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ कापून केलेल्या भिंती होत्या, मोटारीपेक्षा उंच. वर आकाशाची पट्टी दिसायची तेवढीच. मोबाईलचं नेटवर्क कधी गेलं ते कळलं नाही. एका वळणावर रेल्वेच्या फाटकासारखा आडवा दांडा होता. मालकाने काच खाली करून तिथल्या माणसाशी काही बोलून घेतलं, दांडा वर गेला, आणि मग तो मला म्हणाला, की बर्फ वाढला तर हे फाटक बंद होतं.

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

"छान आहे म्हणतोय पुढे," मी म्हटलं.

सराय नदीच्या अगदी काठावर होती. काळ्या पडलेल्या लाकडाची एकमजली इमारत, छतावर हातभर बर्फ, आणि मागच्या बाजूने सतत निघणारी वाफ. त्या दिवशी आम्हा दोघांखेरीज दुसरे पाहुणे नव्हते. मालकीणबाई दारातच गुडघे टेकून बसल्या होत्या. बारीक चणीच्या, चेहरा थोडा कडक, बोलणं मात्र इतकं आदबशीर, की प्रत्येक वाक्याचा अर्थ लावायला मला क्षणभर थांबावं लागे.

आत शिरताच गंधकाचा वास आला. बाबा थबकले आणि खूश होऊन म्हणाले, "सोहना."

मी लहान असताना त्यांनी आम्हाला गुडगावच्या पुढे सोहन्याला नेलं होतं, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर. सगळे पुरुष चड्डीवर पाण्यात उतरले होते आणि बाबा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर पाय सोडून बसले होते. चारचौघांत सदरा काढणं त्यांना जमत नसे. दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जूनच्या उन्हाळ्यातसुद्धा त्यांच्या अंगात बनियन असे. आंघोळीला गेले की आतून कडी, आणि मग तांब्या-बादलीच्या आवाजाबरोबर पुटपुटत म्हटलेलं स्तोत्र. ते संपलं की बाहेरून आई चहाचं आधण ठेवायची.

त्यामुळे सरायीतल्या पुरुषांच्या मोठ्या हौदात, जिथे सगळ्यांनी कपड्यांशिवाय उतरायचं असतं, तिथे ते जाणार नाहीत हे मला ठाऊक होतं. आत कोणी नाही असं सांगूनही ते हलेनात. "कोणी आलं तर?" हीच त्यांची अडचण. मी मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कुटुंबासाठी एक छोटी खोली आहे, तिला आतून कडी लावता येते. हे भाषांतर करून सांगताच बाबांनी टॉवेल उचलला.

त्या खोलीच्या दाराशी एक लाकडी पाटी होती. मी सवयीने वाचायला लागले. वृद्धांनी आणि रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी पाण्यात फार वेळ बसू नये. रिकाम्या पोटी उतरू नये. शक्यतो एकट्याने उतरू नये. खिडकी बंद करू नये.

"बाबा, इथे लिहिलंय..."

सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "अच्छा. एवढं वाचत बसलं तर माणूस आंघोळच करणार नाही."

आत कपडे काढायची छोटी जागा, आणि काचेच्या सरकत्या दारापलीकडे एक बुटकं स्टूल, लाकडी बादली आणि कोपऱ्यात दुधी पाण्याने काठोकाठ भरलेला चौकोनी हौद. आधी स्टुलावर बसून अंग धुवायचं आणि मग हौदात उतरायचं, हे मी त्यांना समजावलं. स्टूल आणि बादली बघून त्यांना फार बरं वाटलं. "हे तर बिल्कुल आपल्यासारखंच," ते म्हणाले.

"दार नुसतं लोटून घ्या. मी इथे बाहेरच बसते."

"हो, हो," ते म्हणाले आणि मागोमाग कडीचा आवाज आला.

बाहेरच्या लांब, थंड वाटेत एक बाकडं होतं, तिथे मी बसले. समोरच्या खिडकीतून बर्फ पडताना दिसत होता. दुपार अजून संपली नव्हती, पण उजेड मावळायला लागला होता. आतून बादली ओतल्याचा आवाज, स्टूल सरकल्याचा आवाज, मग ओळखीचं पुटपुटणं. हौदात उतरल्यावर एक लांब समाधानाचा सुस्कारा ऐकू आला आणि मीही जरा सैल झाले. झऱ्याचं पाणी नळातून हौदात सतत पडत होतं, त्याचा आवाज होताच. छतावरून बर्फाचा एक मोठा थर धप्पकन खाली कोसळला तेव्हा मी दचकून उभी राहिले. परत बसले तेव्हा लक्षात आलं, की पुटपुटणं थांबलंय. कधी थांबलं ते मला सांगता येईना.

"बाबा?"

"हं," आतून आवाज आला.

"आता निघा हं."

त्यावर काही उत्तर आलं नाही. मला वाटलं, निघत असतील. टॉवेल घेत असतील. मी कान देऊन ऐकत राहिले. पाणी पडण्याचा तोच एकसारखा आवाज. मी पुन्हा हाक मारली, मग दारावर थाप मारली, मग दोन्ही हातांनी दार वाजवलं. तिथल्या शांततेत तो आवाज भयंकर वाटत होता आणि तशाही स्थितीत मला लाज वाटली, की आपण परक्याच्या घरात दार बडवतोय. दुसऱ्याच क्षणी ती लाज गेली.

मी पळत सुटले. पायात सरायीच्या गुळगुळीत सपाता होत्या, वळणावर पडले, सपाता तिथेच टाकून तशीच मालकीणबाईंपर्यंत गेले. आणि तिथे उभी राहिल्यावर माझ्या तोंडातून जे वाक्य निघालं ते माहितीपत्रकातलं होतं. दाराच्या संदर्भात एक अडचण उद्भवली आहे, असं मी म्हणाले. त्या आदबीने सांगायला लागल्या, की थंडीत लाकूड फुगतं, दार थोडं अडकतं, क्षमा असावी. मला 'बेशुद्ध' शब्द आठवेना, 'वाचवा' आठवेना. मी नुसतं "बाबा, बाबा" म्हणाले, मराठीतच. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. नवऱ्याला हाक मारत त्या माझ्याआधी धावल्या.

मालकाने दाराच्या फटीतून एक पातळ लोखंडी पट्टी आत सारली. कडी वर व्हायला फार वेळ लागला नसावा. पण माझ्या आठवणीत त्या पट्टीची खरखर अजून चालूच आहे. दार उघडलं. टोपलीत बाबांचे कपडे नीट घडी घालून ठेवलेले, वर चष्मा. आतलं काचेचं दार सरकवलं तर नुसती वाफ. मालक क्षणभर अडखळला, बहुधा मी मुलगी आहे म्हणून. मी त्याला बाजूला सारून आत गेले.

बाबा हौदात होते. मान खांद्यावर पडलेली, तोंड उघडं, पाणी हनुवटीला लागलेलं. चेहरा लालभडक आणि ओठ मात्र राखाडी. मी काखेत हात घालून त्यांना वर ओढायला गेले, तर ते हातातून निसटून आणखी खाली गेले आणि पाणी त्यांच्या तोंडात शिरलं. मग आम्ही तिघांनी मिळून त्यांना उचललं. माणूस इतका जड असतो हे मला माहीत नव्हतं. फळ्यांवर निजवल्यावर मालकीणबाईंनी सगळ्यात आधी त्यांच्या कमरेवर टॉवेल टाकला, मग बादली उपडी करून पाय वर ठेवले आणि खिडकीबाहेरचा बर्फ फडक्यात घेऊन कपाळावर धरला. मी छातीला कान लावला. मला फक्त माझंच हृदय ऐकू येत होतं. मी कान हलवून दुसरीकडे लावला, तरी माझंच. हा माणूस गेला, आणि मी त्याला इतक्या लांब आणून घालवला, एवढा एकच विचार डोक्यात होता.

मग त्यांच्या घशातून घोरण्यासारखा आवाज आला. खोकला आला, पाणी बाहेर पडलं. डोळे उघडले.

"बाबा, मी कोण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मालकीणबाईंकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं.

"दार कोणी उघडलं?" ते म्हणाले.

मला वाटलं सुटलो. पण उठून बसायला गेले तशी त्यांना उलटी झाली आणि पुढचं बोलणं जड येऊ लागलं, जिभेवर काहीतरी ठेवल्यासारखं. आम्ही त्यांना उचलून खोलीत आणलं, गादीवर आडवं केलं, रजया घातल्या. मालकीणबाईंनी रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या बराच वेळ नुसतं "हो, हो" करत राहिल्या आणि मग त्यांनी फोनवर हात ठेवून मला सांगितलं, की फाटक बंद झालंय. बर्फ काढणारी गाडी सकाळी येईल.

फोनवर एक नर्स आली. ती विचारायची, मी बाबांना सांगायची.

"बाबा, हसून दाखवा."

"कशाला?"

"हसा आधी."

त्यांनी रागाने दात दाखवले. ओठ दोन्ही बाजूंना सारखे गेले. मग दोन्ही हात वर करायला सांगितले. उजवा वर गेला. डावा मागून, सावकाश आला.

"तो रोजच असा येतो," बाबा म्हणाले. "खांदा धरलाय."

ते खरं होतं की नव्हतं, मला कळेना. त्यांच्यासोबत राहूनही त्यांचा डावा हात रोज किती वर जातो हे मी कधी पाहिलं नव्हतं. नर्सला काय सांगावं? मी सांगितलं, डावा हात सावकाश येतो. तिने दर थोड्या वेळाने बोलतं करून बघायला सांगितलं. बोलणं बिघडलं तर लगेच कळवा, मग बघू, असं म्हणाली.

सरायीच्या दर्शनी खोलीत वायफाय होतं. मालकीणबाईंना बाबांजवळ बसवून मी तिथे गेले आणि सरोजिनी नगरच्या आमच्या जुन्या डॉक्टरांना फोन लावला. दिल्लीत दुपार होती. मागे हॉर्न वाजत होते, कोणीतरी कंपाउंडरला हाक मारत होतं. ते आवाज ऐकून मला रडू फुटलं.

"रोइए मत, पहले ये बताइए, बीपी की गोली कब ली थी?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुबह. मैंने ही दी थी, निकलते वक़्त."

"एक ही?"

मी फोन चालू ठेवून खोलीकडे पळाले. तिथपर्यंत वायफाय जेमतेम पोचत होतं. "बाबा, आज गोळी किती वेळा घेतलीत?"

"सकाळी घेतली की," बाबा म्हणाले. "गाडीत. तू झोपली होतीस."

मनगटावरच्या घड्याळात दिल्लीची सकाळ झाली तेव्हा त्यांनी आपली आपण दुसरी गोळी घेतली होती. आणि दुपारच्या जेवणाच्या डब्यात सगळ्याला माशाचा वास म्हणून दोन बिस्किटांवर भागवलं होतं.

"अरे यार," डॉक्टर हळूच म्हणाले. "डबल डोस, खाली पेट, ऊपर से गरम पानी." मग त्यांनी भराभर सांगितलं. उठू द्यायचं नाही, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्यायचं, उद्यापर्यंत गोळी नाही. जीभ जड आहे ती प्रेशर उतरल्यामुळे असू शकते, सुधारली पाहिजे.

"और नहीं सुधरी तो?"

"तो रास्ता खुलवाना पड़ेगा," ते म्हणाले. रस्ता कोण उघडणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

संध्याकाळभर मी त्यांना बोलतं करत राहिले. ऑफिसातल्या जुन्या साहेबांची नावं विचारली, करोल बागेतल्या नातेवाइकांच्या मुलांची नावं विचारली. प्रत्येक नावाची मी वाट बघायची आणि शब्द अडखळला की तेच नाव पुन्हा विचारायची. खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं. मालकीणबाई भाताची पेज घेऊन आल्या. दाराबाहेर येऊन त्या मला म्हणाल्या, की पूर्वी, त्यांच्या सासूबाईंच्या काळात, असेच एक पाहुणे त्याच खोलीत... आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी मान खाली घातली. जपानीत वाक्यं अशी अर्धी सोडतात. एरवी ती पुरी करणं हेच माझं काम असतं. त्या दिवशी मी केलं नाही. त्या पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या, आणि मला त्यांचा हात धरावासा वाटला तरी मी धरला नाही.

हळूहळू बाबांची जीभ सुटली. पेज संपवल्यावर मी विचारलं, "आत काय होत होतं तुम्हाला?"

"काही नाही. छान वाटत होतं," ते म्हणाले. "झोप येत होती. पाणी गळ्यापर्यंत आलंय ते कळलं मला. पण उठावंसं वाटलं नाही."

"मला हाक मारायची ना."

"तुझीच हाक ऐकू आली. एकीला ओ दिली. दुसरीलाही देऊ म्हटलं मनात. मग राहिलं." बस चुकल्याची गोष्ट सांगावी तसं ते सांगत होते.

"भीती नाही वाटली?"

"तेव्हा नाही गं." ते छताकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी रजईतून हात बाहेर काढला आणि माझ्या मनगटाला धरलं. "आता वाटतेय," ते म्हणाले. "दिवा राहू दे."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी असं काही माझ्याजवळ कबूल केलं होतं. त्या एका वाक्याने मी जेवढी घाबरले, तेवढी हौदापाशीही घाबरले नव्हते. इतकी वर्षं आमच्या घरात भ्यायचं काम माझं होतं, न भ्यायचं त्यांचं. मी दिवा चालू ठेवला आणि उशाशी बसून राहिले. ते झोपले, तरी माझं मनगट त्यांनी सोडलं नाही.

सकाळी बर्फ काढणारी गाडी येऊन गेली आणि मालकाने आम्हाला खाली गावातल्या इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने सगळ्या तपासण्या केल्या. मेंदूला काही झालेलं नव्हतं. प्रेशर एकदम उतरलं होतं, अंगातलं पाणी कमी झालं होतं, आणि डावा खांदा खरोखरच धरलेला होता. मला ते सगळं कळलं, पण "काय म्हणतोय?" असं बाबांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाबांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, वाईट बातमी आहे. त्यांनी खाटेची कड दोन्ही हातांनी धरली. डॉक्टर बिचारा एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. शेवटी मी कसंबसं म्हणाले, "बरे आहात. बरे आहात तुम्ही."

"मग रडतेस कशाला," ते म्हणाले. पण कड सोडायला त्यांनी वेळ घेतला.

सरायीत आम्ही परत गेलो नाही. मालकाने आमचं सामान मोटारीत घालून आणलंच होतं, आणि मालकीणबाईंनी वाटेसाठी मिठाच्या भाताचे गोळे बांधून दिले होते, आत काही न भरता. स्टेशनवर मालक गाडी सुटेपर्यंत बर्फात उभा होता. बाबांनी त्याला खिडकीतून हात जोडले.

छोट्या गाडीच्या डब्यात ऊन आलं होतं. भाताचा एक गोळा खाऊन बाबा खिडकीला डोकं टेकून झोपले. समोर बसून मी काचेकडे बघत होते. त्यांच्या श्वासाने तिथे धुक्याचा एक ठिपका यायचा आणि विरायचा. मध्ये कुठे बोगदा लागला की काच काळी व्हायची आणि तो दिसेनासा व्हायचा. मोठं स्टेशन येईपर्यंत मी दुसरीकडे पाहिलं नाही.